बडोद्यात मोजलेला श्वास

बडोद्यावर लिहा म्हटले की आमच्याकडची मंडळी ठरलेल्या वाटेने निघतात. लक्ष्मीविलास राजवाडा, रविवर्म्याची चित्रे, फैयाजखाँसाहेब आणि जाता जाता सयाजीरावांच्या ग्रंथालयांना एक नमस्कार. हे सारे खरे आहे, पण हात फिरून फिरून गुळगुळीत झाले आहे. संपादकांनी यंदा ‘बडोदे आणि शरीरविज्ञान’ असा आढावा मागितला, तेव्हा मला आनंद झाला आणि घरच्यांना काळजी वाटली. कारण या विषयावर मी बोलू लागलो की थांबत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. माझे म्हणणे तसे एका वाक्याचे आहे. श्वास, मज्जातंतू आणि प्रतिकारशक्ती या तिन्ही बाबतींत या गावाने आधी मोजून मग बोलायची रीत घातली, आणि आज याच गावात या तिन्हींवर जेवढे बोलले जाते त्याच्या शतांशानेही मोजले जात नाही.

सुरुवात दांडिया बाजारातल्या तालमीपासून करायला हवी, पण ती लांबवणार नाही. जुम्मादादा उस्ताद आणि त्यांचे पट्टशिष्य राजरत्न माणिकराव यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. माणिकरावांच्या आखाड्यात कुस्ती, मलखांब, लाठी शिकायला मिळे आणि निखळलेला खांदाही बसवून मिळे. सांधे बसवणाऱ्या माणसाची शरीररचना बोटांत असते. पुढे दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी इथूनच ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला. दहा खंड, १९३६ पासून १९४९ पर्यंत, आणि तोही मराठीत. कुणाच्या माळ्यावर त्याचे खंड असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. तालमीने बडोद्याला सशक्त माणसे दिली. छातीच्या पिंजऱ्याच्या आत काय चालते, हा प्रश्न मात्र तालमीने विचारला नाही. तो त्याच तालमीतून बाहेर पडलेल्या एका पदवीधराला पडला. त्याच्याकडे येतोच, पण वाटेत उंडेरा लागते.

उंडेरा म्हणजे रिफायनरीकडे जाताना लागणारे गाव. आता ते महानगरपालिकेत आले आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग होता. त्याच्या आदल्या वर्षी, १० जानेवारीला, हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञाने मुंबईत स्वतःला प्लेगची लस टोचून घेतली होती आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात ती वापरून पाहिली होती. तुरुंगातल्या आकड्यांवर आक्षेप घेणे सोपे होते. कैदी वेगळे, कोठड्या वेगळ्या, भित्रे वेगळे आणि धीट वेगळे. उंडेऱ्यात त्याला बडोदे संस्थानची मदत मिळाली आणि त्याने जे केले ते मला आजही थक्क करते. त्याने गाव सरसकट टोचले नाही. एकेक कुटुंब समोर उभे केले आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. पुरुष, बायका, मुले, आजारी यांची वाटणी दोन्ही बाजूंना होता होईल तो सारखी ठेवली. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर आणि त्याच पिसवा, फरक काय तो सुईचा.

सहा आठवड्यांनी हिशेब झाला. २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता. त्या घरांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ गेले. मृत्यूचे प्रमाण जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी. चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली नव्हती, हे मान्य. पण ज्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीपासून सगळी पाठ्यपुस्तके अशा चाचण्यांचा विषय सुरू करतात ती १९४८ ची, म्हणजे उंडेऱ्यानंतर पन्नास वर्षांनी. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात प्लेगवरून रँडचा खून झाला, हे मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. पुढच्याच वर्षी एका खेड्यातल्या कुटुंबांनी अर्धे हात पुढे केले आणि प्रतिकारशक्ती नावाची गोष्ट खरोखर किती वाचवते याचा आकडा जगाला दिला, हे कुणाला माहीत नसते. हाफकिनने तो आकडा १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. उंडेऱ्यातल्या लोकांना कुणी नीट विचारले होते का, हा आजचा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यांनी आधी उंडेऱ्याचे नाव तरी घ्यावे.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा, डभोईचा. शिक्षण बडोदे कॉलेजात, आणि १९०७ ते १९१० माणिकरावांच्या हाताखाली. पुढे अमळनेरला शिक्षकी. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजी भेटले आणि या संस्कृतज्ञ पहिलवानाला योगाची गोडी लागली. इथवरची गोष्ट कुणाही साधकाची असू शकते. पुढची नाही. १९२०-२१ च्या सुमारास हा गृहस्थ आपल्या शिष्याला घेऊन बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात गेला आणि उड्डियान व नौली चालू असताना त्याचे क्ष-किरण फोटो आणि दाबाची मोजमापे घेऊ लागला. आमच्यातले काही विद्वान कुवलयानंदांना लोणावळ्याचे म्हणतात आणि विषय संपवतात. कैवल्यधाम लोणावळ्यात १९२४ ला निघाले, हे कोण नाकारतो? पण मोजण्याचा नाद लागला तो इथे, आणि माझ्या दृष्टीने माणूस त्या गावचा, जिथे त्याला त्याचा नाद सापडला.

त्यांनी काय पाहिले? उड्डियानात श्वास पूर्ण सोडून कंठद्वार बंद करायचे आणि हवा आत न घेता फासळ्या अशा फुलवायच्या की जणू श्वास घेतो आहोत. छातीतला दाब पडतो आणि श्वासपटल वर खेचले जाते. मागोमाग पोट खपाटीला जाते. ते स्नायूंनी आत ओढलेले नसते, दाबाने गेलेले असते. नौलीत पोटाचे दोन उभे स्नायू तेवढे आवळून पुढे काढतात, तेव्हा मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्याही खाली जातो. बस्ती या शुद्धिक्रियेत पाणी आपोआप वर चढते ते यामुळे. आतड्याची उलटी हालचाल, योगशक्ती वगैरे खुलासे त्यांनी मॅनोमीटरच्या काचेच्या नळीने निकालात काढले आणि त्या पोकळीला गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. सिद्धीचा दावा काढून घ्यायचा आणि उरलेल्या भौतिकीला गुरूचे नाव द्यायचे, ही गुरुभक्तीची तऱ्हा मला अतिशय आवडते.

पण त्यांचे खरे धाडस श्वासाच्या बाबतीतले. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हे वाक्य तेव्हाही चलनी होते. योगाचा प्रचार करायला निघालेल्या माणसाला ते सोडवणे कठीण. कुवलयानंदांनी बाहेर टाकलेली हवा पिशवीत धरली, तपासली आणि ‘योगमीमांसा’ या आपल्याच त्रैमासिकातून सांगून टाकले की हे खरे नाही. एका दीर्घ श्वासात ऑक्सिजन जास्त जातो, पण मिनिटाला श्वासच कमी होतात, त्यामुळे हिशेबात वाढ उरत नाही. प्राणायामाचे मोल ऑक्सिजनमध्ये नसून मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, असे त्यांचे मत पडले. येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन लोणावळ्यात येऊन शिकले. त्यांच्या १९३७ च्या पुस्तकात उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. आमचे ऑक्सिजनवादी हा आकडा नाचवतात. अहो, वापर वाढला, कारण श्वासाचे स्नायू राबत होते. धावून आलेल्या माणसाचाही वाढतो.

निरोगी माणसाच्या धमनीतले हिमोग्लोबिन मुळातच ९७-९८ टक्के भरलेले असते. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? जोरजोरात श्वास घेतल्याने जे खरोखर बदलते ते कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण. तो धुऊन निघतो, रक्त अल्कधर्मी होते, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांना व बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. शिबिरात याला ‘ऊर्जा जागृत झाली’ म्हणतात. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्येच दाखवले होते की आपल्या श्वासाची लगाम या टाकाऊ वायूच्या हातात असते. लंबमज्जेतली केंद्रे त्याच्यावर डोळा ठेवून असतात. ऑक्सिजनची राखण मानेतल्या कॅरोटिड पिंडांकडे, आणि ती मंडळी परिस्थिती बरीच बिघडल्यावर हाक मारतात.

सावकाश श्वासाचा फायदा आहेच, तो साध्या गुणाकाराने कळतो. दर श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नळ्यांतच राहते, वायुकोशांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला ३० वेळा २०० मिलिलिटर घेतले तर एकूण ६ लिटर, पण कामाची हवा दीड लिटर. ६ वेळा १ लिटर घेतले तरी एकूण तेवढेच, पण कामाची ५ लिटरच्या वर. शिवाय मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की हृदयाच्या गतीतले चढउतार आणि रक्तदाबाच्या लाटा एका ठेक्यात येतात. श्वास घेताना व्हेगस मज्जातंतूचा हात सैल होतो, नाडी वाढते, सोडताना तो पुन्हा आवळतो. २००१ मध्ये इटलीतल्या बर्नार्डींनी दाखवले की लॅटिनमधली जपमाळ आणि बौद्ध मंत्र दोन्ही श्वासाला नेमके याच गतीवर आणतात. माझ्या आजीची रामरक्षा कुणी मोजली नाही याचे मला वाईट वाटते.

मज्जासंस्थेवर योग्याची हुकमत किती, याचीही परीक्षा झाली. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांची ब्रोस या फ्रेंच विदुषीने १९३५ मध्ये तपासणी केली, आणि १९५७ मध्ये वेंगर, बागची व आनंद यांनी पुन्हा. या दुसऱ्या तपासणीत मनगटातली नाडी गेली, स्टेथोस्कोपमधले ठोकेही ऐकू येईनात. हृदयाचा विद्युत आलेख मात्र शांतपणे चालू होता. श्वास कोंडून, छाती-पोट आवळून हृदयाकडे परतणारे रक्त अडवले होते, इतकेच. १९६१ च्या दिल्लीतल्या प्रयोगात हवाबंद पेटीत बसलेल्या रामानंद योगींनी मात्र ऑक्सिजनचा वापर विश्रांतीतल्या किमान गरजेच्याही खाली नेला. हे खरे कौतुक, आणि ते पेटी हवाबंद होती म्हणून कळले. कैवल्यधामच्या करंबेळकर, विनेकर व भोळे यांनी १९६८ मध्ये हवाबंद खड्ड्यातल्या माणसांचा अभ्यास छापला. मराठी नावांच्या या शोधनिबंधाचा मराठीत उल्लेख मला क्वचितच आढळला आहे.

प्रतिकारशक्तीवर आता थोडे कडू बोलतो. २०२० पासून ‘इम्युनिटी वाढवा’ हा घोष काढ्याच्या पुड्यांपासून बिस्किटांपर्यंत पोचला. श्वास दहा सेकंद रोखता आला तर कोरोना नाही, असा निरोप मला सुशिक्षित माणसांनी पाठवला. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीत काय दिसले? डेक्सामेथासोन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध. कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने एक तृतीयांशाने कमी केले. अत्यवस्थ रुग्णांचा जीव बरेचदा जात होता तो चवताळलेल्या प्रतिकारशक्तीमुळे. ती वाढवायची की आवरायची, कुणाची आणि केव्हा, हे प्रश्न पुडीवर मावत नाहीत. खंबातच्या अकीक कारागिरांना विचारा. घासताना उडालेली सिलिकाची धूळ फुप्फुसातल्या भक्षक पेशी इमानाने गिळतात. ती पचत नाही, पेशी मरतात, पुन्हा दुसऱ्या येतात, आणि त्या इमानदारीतूनच फुप्फुसाचे चामडे होत जाते. तिथे पाण्याचा फवारा आणि धूळ ओढणारा पंखा लागतो, अनुलोम-विलोम नव्हे.

गंमत अशी की तिन्ही संस्थांचा सांधा खरोखर सापडला आहे, फक्त तो आम्ही शोधला नाही. २००० मध्ये केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने उंदरांमध्ये व्हेगसला विजेचे टोचे देऊन दाह आटोक्यात आणला. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेगेनला १२ जणांना जोरकस श्वास आणि श्वासरोध शिकवून, न शिकलेल्या १२ जणांबरोबर जीवाणूंचे विष टोचले. शिकलेल्यांत अ‍ॅड्रिनलिन उसळले आणि दाहाची रसायने कमी निघाली. श्वासाने मज्जासंस्था, मज्जासंस्थेने प्रतिकार, पण दिशा दाह कमी होण्याची. हा प्रयोग बडोद्यात व्हायला हवा होता. तालीम इथली, प्राणायाम इथला, उंडेरा इथले.

आम्ही शरीरक्रियाशास्त्र शिकलो ते काजळी धरलेल्या ढोलावर. बेडकाच्या पायाचा स्नायू आकसला की सुई त्या काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढायची, मग तो कागद वार्निशात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. नाकाला काजळी लागलेला मुलगा तास संपल्यावर ओळखू यायचा. बेडूक वाचले याचे मला दुःख नाही. पण पाण्यावर तरंगणारा स्पायरोमीटर तरी ठेवायचा. एका महाविद्यालयात तो मी जिन्याखाली पालथा पाहिला. आता पडद्यावर कळ दाबली की वक्ररेषा येते, सगळ्यांची सारखी. स्वतःच्या फुप्फुसाची हवा किती, हे न मोजता मुले डॉक्टर होतात आणि जूनमध्ये योगदिनाला व्यासपीठावरून ऑक्सिजनबद्दल सांगतात.

माझा एक प्रस्ताव आहे, तो मी जमेल तिथे मांडतो. इन्फ्लुएंझाची लस घेणारी कुटुंबे घ्यायची. दर घरातल्या अर्ध्या माणसांनी दोन महिने रोज वीस मिनिटे, मिनिटाला सहा या गतीने उज्जायी करायची, उरलेल्यांनी तेवढाच वेळ नुसते बसायचे. या वेळी कोण कुठे हे चिठ्ठीने ठरवायचे. सोडलेल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि नाडीचा चढउतार नोंदायचा, लसीआधी आणि चार आठवड्यांनी रक्त घेऊन प्रतिपिंडे मोजायची. खर्च एका योगदिनाच्या मांडवापेक्षा फार नसावा. अलीकडे एका संस्थेच्या चालकांनी सगळे ऐकून घेतले, चहा दिला आणि विचारले, ‘‘पण काका, निकाल उलटा आला तर?’’ आला तर छापायचा. कुवलयानंदांनी आपल्याच त्रैमासिकात छापला होता.