सहल तारखेने नको, तिथीने आखा

जालना आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकाच दिवशी जन्माला आले. १ मे १९८१ या दिवशी आपण तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून बाजूला झालो, ते रत्नागिरीतून. जुळी भावंडंच म्हणा ना! पण एकाच्या वाट्याला सुमारे १२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला दुधना, पूर्णा आणि कुंडलिका. त्यामुळे दिवाळी जवळ आली, की आपल्याकडच्या घराघरांत ‘यंदा समुद्र बघायचा’ हा विषय निघतोच. मालवण, तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ला ही नावं पुढे येतात. मग रजा किती, पैसे किती, गाडी कुठली, यावर चर्चा होते. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. त्या दिवशी तिथी कोणती?

मीही विचारला नव्हता. पहिल्यांदा तारकर्लीला गेलो, ते रजा जुळली म्हणून. दत्तजयंती होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी बाराला पोचलो. पाणी बरंच लांब आहे असं बघून चपला, टॉवेलची पिशवी वाळूवर ठेवली आणि किनाऱ्याने फिरायला निघालो. दीड तासाने परत आलो, तर दोन जोड चपला गेलेल्या आणि पिशवी पाण्यात. शेजारी एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “आज तिथी कोणती?” मला सांगता आलं नाही. ते म्हणाले, “द्वितीया. दीडला भरती भरते.”

चपलांचं नुकसान सोसण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे जे झालं ते तसं नव्हतं. मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. आपल्याकडे विहिरीत मुटका मारणारा पोरगा स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो. मीही समजत होतो. सहाच्या सुमारास पाण्यात उतरलो. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर पायाखालची वाळू सरकू लागली आणि हात मारूनही किनारा जवळ येईना. “आडवा जा, आडवा जा” असं कुणीतरी ओरडलं, म्हणून वाचलो. ती ओहोटीची वेळ होती. विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं. समुद्राचं पाणी कुठेतरी निघालेलं असतं. हा फरक आपल्या मराठवाड्याच्या माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून आज तो सांगायचा आहे.

हा फरक न कळल्याची किंमत फार मोठी असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले. समुद्रापासून दूरच्या गावांतून ही मंडळी मोठ्या हौसेने आली होती, आपण जातो तशीच.

आता भरती-ओहोटीचं गणित बघू. चंद्राच्या आणि काही प्रमाणात सूर्याच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी चढतं-उतरतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांनी यावरून एक सोपा हिशोब बसवला आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशोब तोच. अर्थात वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होते. पण सहल आखायला एवढं पुरतं.

गंमत अशी, की त्यासाठी लागणारं साधन आपल्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं. संकष्टी आणि एकादशी बघायला आपण जे कॅलेंडर उलटतो, तेच मालवणच्या समुद्राचं वेळापत्रक आहे. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच होते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन दिवस चंद्र-सूर्याची ओढ एकत्र लागते. पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. याला उधाणाची भरती म्हणतात. मालवणकडे अशा वेळी पाणी जवळपास पुरुषभर वरखाली होतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते आणि हा फरक बराच कमी होतो. ती भांगाची भरती. परदेशी सहलींच्या जाहिरातींत ग्रीसच्या बेटांवरचे निळेशार किनारे दिसतात. तिथल्या समुद्राला भरती-ओहोटी असते ती जेमतेम वीत-दोन वीत. त्यामुळे तिथे जाणाऱ्याला तिथी बघावी लागत नाही. आपल्याला बघावी लागते.

हे लक्षात घेऊन दिवाळीची सहल आखून पाहू. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे दिवाळीत समुद्राला उधाण असतं. भाऊबीज द्वितीयेची. ती घरी साजरी करावी आणि तृतीयेला निघावं. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं. दिवाळीतल्या तृतीयेपासून साठ दिवस मागे मोजा, तुम्ही गणेश चतुर्थीच्या एक-दोन दिवस आधी पोचता. म्हणजे घरात गणपतीची आरास चालू असते, त्याच वेळी दिवाळीच्या तिकिटाचं बघायचं. परतीचं तिकीट त्यानंतर पाच दिवसांनी, गणपती बसल्यावर. मधे अधिक महिना आला तर मात्र दिवस मोजूनच बघावेत.

जालन्याहून सकाळची वंदे भारत धरली, की दुपारी मुंबई. तिथून रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी. दोन गाड्यांमध्ये चांगले पाच-सहा तास राखावेत. तासाभराच्या अंतरावर दोन तिकिटं काढणं म्हणजे जुगार आहे. चतुर्थीला सकाळी कुडाळला उतरायचं. तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. स्वतःच्या गाडीने जायचं तर पुणे-कोल्हापूरमार्गे साडेसहाशे ते सातशे किलोमीटर होतात. कोल्हापूरला एक मुक्काम करावा. घाटरस्ता रात्री नको.

पहिला दिवस, चतुर्थी. त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. प्रवासाचा शीण असतो आणि तीननंतर ओहोटी लागते. जेवून विश्रांती घ्यावी, संध्याकाळी साळगावकरांनी बांधलेलं जय गणेश मंदिर बघावं आणि रॉक गार्डनवरून सूर्यास्त.

दुसरा दिवस, पंचमी. सकाळी लवकर सिंधुदुर्ग किल्ला. सकाळी वारा कमी असतो, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि होडी हलते. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे. पण जालन्याच्या माणसाने तिथे सर्वांत आधी बघाव्यात त्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी. २०१३ च्या दुष्काळात टँकरची वाट बघितलेल्या आपल्या डोळ्यांना ते दृश्य लवकर सोडत नाही. त्या दिवशी ओहोटी पावणेदहाला संपते. मग दुपारी दोन ते साडेतीन चढत्या पाण्यात, किनाऱ्याजवळ, गुडघा-मांडीइतक्या खोलीत डुंबायला हरकत नाही. चारला सगळे बाहेर.

तिसरा दिवस, षष्ठी. सकाळी तारकर्ली-देवबाग. इथे कर्ली नदी समुद्राला मिळते. संगम होडीतून बघावा, तिथे पोहू नये. नदीचं पाणी आणि ओहोटी दोन्ही एकाच दिशेने ओढतात. होडीत जीवरक्षक जाकीट मिळालं नाही तर बसू नये, आणि माणसं जास्त झाली असतील तर उतरावं. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता. भरती साडेचारची, म्हणून डुंबणं तीन ते साडेचार.

चौथा दिवस, सप्तमी. भांगाचं पाणी. घरातली म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांनी समुद्रात पाय भिजवायचे तर हाच दिवस सर्वांत बरा. चार ते पाच ही वेळ ठेवावी.

पाचवा दिवस परतीचा. कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव लागतो. पाण्याच्या या जुन्या कामाची २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून नोंद झाली. घाणेवाडीच्या तलावावर वाढलेल्या जालनेकरांना तो बघून आपलं घर आठवेल. पुढे कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी बघाव्यात. संध्याकाळची कोकणकन्या, सकाळी मुंबई, दुपारची वंदे भारत आणि रात्री घर.

जेवणाची चिंता नको. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहेच. माळकऱ्यांनाही काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, घावणे, सोलकढी मिळते. आधी सांगितलं, की वेगळ्या भांड्यात करून देतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावं. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वेगळं असतं.

शेवटी दोन गोष्टी पाठ करून ठेवा, मुलांकडूनही करून घ्या. पाणी आत ओढू लागलं तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर आडवं जा, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळा. ते जमलं नाही तर उताणं तरंगा आणि हात वर करा. दुसरी गोष्ट, आपला हिशोब कितीही पक्का असला तरी पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळीदादांना विचारा. ते ‘नको’ म्हणाले, तर मुक्कामाचे पैसे फुकट गेले असं समजू नका. वाळूत बसूनही समुद्र दिसतो.

समुद्राला आपली रजा ठाऊक नसते. शाळेची सुट्टी, साहेबाची परवानगी, गाडीचं आरक्षण यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. तो चंद्राचं ऐकतो. तेव्हा यंदा ‘कुठे जायचं’ ठरलं, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि घरातल्या मुलांना पाऊणकीचा पाढा म्हणायला लावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)