नॉलरची तक्रार

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. तिसरीतला एक मुलगा शाळेची घंटा झाली की कान घट्ट दाबून बसतो, स्वेटर टोचतो म्हणून रडकुंडीला येतो आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांना काय सांगायचं?

माझं मत, सांगण्याआधी काहीतरी चाखायला द्या. १९३१ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत आर्थर फॉक्स हा रसायनतज्ज्ञ फेनिलथायोकार्बमाइडची भुकटी बाटलीत भरत होता. थोडी हवेत उडाली आणि खोलीतला सहकारी नॉलर कुरकुरला, केवढं कडू आहे हे! फॉक्स तर भुकटीच्या जास्त जवळ होता, पण त्याला काहीच जाणवलं नव्हतं. त्यानं चक्क ती जिभेवर ठेवून पाहिली आणि ती बेचव असल्याची ग्वाही दिली. नॉलर हटेना. त्यानंही चाखली, तर कडूजहर! पुढे आनुवंशशास्त्रज्ञ ब्लेकस्ली आणि फॉक्स यांनी एका विज्ञान परिषदेला आलेल्यांना ती चाखायला दिली. सुमारे ६५ टक्क्यांना कडू लागली, २८ टक्क्यांना बेचव आणि उरलेल्यांना भलतंच काही. शोधाचं श्रेय फॉक्सला मिळालं. मला मात्र नॉलरचं जास्त कौतुक वाटतं. समोरचा चाखून ‘काही नाही’ म्हणत असताना आपल्या जिभेवर ठाम राहणं सोपं नसतं, तिसरीत तर नाहीच.

या चवीमागचा मुख्य जनुक २००३ मध्ये सापडला. जिभेवरचा एक ग्राही, म्हणजे कडू चव टिपणारा रेणू, कुणाचा कसा घडतो, यावर हा बराचसा खेळ आहे. घंटेनं कासावीस होण्याचं कारण वेगळं. तिथे प्रश्न बहुधा कानाचा नसून आवाज हाताळणाऱ्या मेंदूचा असतो. स्वमग्न मुलांमध्ये हे बरंच आढळतं, पण कान झाकणारं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. चव तपासायच्या कागदी पट्टीवरून असं निदान कुणी करू नये.

वर्गाला चाखायला द्यायची ती हीच भुकटी. पण शुद्ध भुकटी विषारी असते, म्हणून विज्ञानसाहित्याच्या दुकानातल्या, ती लावलेल्या तयार कागदी पट्ट्याच घ्या. त्यांत ती अत्यल्प असते. एकाच बाकावरचे दोघं, एक तोंड वाकडं करतोय, दुसरा ‘नाटकी’ म्हणतोय, असं झालं की तिथेच थांबून विचारा: यातला खोटं कोण बोलतंय? मग घंटेचा विषय काढा.

पट्ट्या घरी मात्र देऊ नका. आईबाबा दोघांनाही बेचव लागली तर मुलाला कडू लागूच शकत नाही, असं काही पुस्तकं छापतात. ते खरं नाही, आणि त्यावरून घरात नको ते प्रश्न उठायचे.