लोकरीच्या गासड्या आणि हमीभाव

मेलबर्नजवळच्या जिलाँग बंदरातून कामानिमित्त पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशाला एकेकाळी मैलोगणती मेंढ्यांची कुरणेच दिसत. आज त्यांतली कित्येक धान्याच्या वा निलगिरीच्या लागवडीखाली आली आहेत. बंदरावरील लोकरीच्या जुन्या वखारींपैकी एकीत संग्रहालय आहे, तर दुसरीत विद्यापीठ. हे स्थित्यंतर केवळ निसर्गाने घडविलेले नाही.

ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात लोकरीला किमान भावाची हमी मिळाली. भाव पडला की महामंडळाने माल उचलावयाचा, चढला की विकावयाचा. त्यासाठी उत्पादकांकडूनच वर्गणी घेतली जाई. अनेक वर्षे ही व्यवस्था नीट चालली. परंतु १९८७ मध्ये भाव ठरविण्याची सूत्रे उत्पादकांच्या प्रतिनिधींकडे गेली आणि तेजीच्या भरात १९८८ मध्ये हमीभाव किलोला ८७० सेंटांवर नेण्यात आला. मेंढ्या वाढल्या, उलट गिरण्या इतर धाग्यांकडे वळल्या, चीन व सोव्हिएत संघाची खरेदी आटली. फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना गुंडाळली गेली तेव्हा सुमारे ४७ लाख गासड्या पडून होत्या. लाखो मेंढ्या गोळ्या घालून खड्ड्यांत पुरण्यात आल्या. साठा संपण्यास २००१ साल उजाडले.

यावरून हमीभाव त्याज्य ठरत नाही. तात्पुरती मंदी साठवणुकीने सावरता येते. मागणीच पालटली, तर वखारी तिला परत आणू शकत नाहीत. भाव वाढवून देणारे पुष्कळ भेटतात. तो वेळीच उतरविण्याचे अप्रिय काम कोणी करावयाचे, हे मात्र योजना आखतानाच ठरले पाहिजे.