जुनी पोर्शे आणि दारातली साधी गाडी : ब्रेकचा हिशोब

आपल्या व्यापारी घरांतील तरुण पिढीला अलीकडे जुन्या मोटारींची ओढ वाटू लागली आहे. जमीन, सोने, समभाग यांच्या जोडीला जुनी स्पोर्ट्‌स कारही आता ‘गुंतवणूक’ म्हणून बैठकीत चर्चेला येते. चर्चा होते ती किमतीची, मूळ रंगाची आणि मूळ इंजिन क्रमांक जुळतो की नाही याची. ही गाडी थांबते कशी, वळते कशी, आणि दारात उभ्या असलेल्या रोजच्या गाडीच्या तुलनेत ती कितपत भरवशाची, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

उदाहरणादाखल या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध गाडी घेऊ. जर्मनीतील स्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीने १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘९११’ हे मॉडेल प्रथम मांडले. त्या काळी आपल्या रस्त्यांवर अॅम्बॅसेडर आणि फियाट धावत होत्या व त्यांच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ९११ला मात्र चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. ब्रेक म्हणजे अखेर वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन. ड्रम हा बंद डब्यासारखा असल्यामुळे आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लायनर तापले की त्यांची पकड सैल होते. घाट उतरताना जळका वास येऊ लागला की ड्रायव्हर गाडी बाजूला घेऊन चाके थंड होऊ देत असे, हे आमच्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. डिस्क उघड्या वाऱ्यात फिरते, लवकर थंड होते आणि विसाव्या वेळीही जवळजवळ पहिल्या वेळेसारखीच पकड देते. या बाबतीत ती स्पोर्ट्‌स कार आपल्या काळातील साध्या गाड्यांच्या फार पुढे होती, यात शंका नाही.

तिच्या रचनेचा आणखी एक लाभ होता. ९११चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असते. कोणत्याही गाडीला ब्रेक लावला की वजन पुढे झुकते. ज्या गाडीचे इंजिन पुढे, तिच्या मागच्या चाकांवर अशा वेळी फारच थोडा भार उरतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या दोन चाकांवर पडते. ९११मध्ये मूळचाच भार मागे अधिक असल्याने चारही चाके कामात वाटा उचलतात.

पण मागे असलेले हेच इंजिन वळणावर वेगळा हिशोब मांडते. वळणात वेग जास्त झाल्याचे ध्यानात आले की घाबरलेला माणूस काय करतो? ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. आजच्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या साध्या गाडीत ही स्वाभाविक प्रतिक्रिया बहुधा उपयोगी ठरते. बाहेर सरकू पाहणारे नाक पुन्हा वळणात येते. जुन्या ९११मध्ये मात्र पाय उचलताच वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात आणि मागे टांगलेले इंजिन लंबकासारखे बाहेर झेपावते. ओल्या रस्त्यावर गाडी स्वतःभोवती फिरायला क्षणभर पुरतो. साधी गाडी घाबरटपणा पोटात घालते, ही गाडी त्याची शिक्षा देते. खुद्द कंपनीलाही याची जाणीव होती. आरंभीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमागे लोखंडी वजने बसवली गेली आणि १९६९च्या मॉडेलपासून पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढवण्यात आले. जाणकार चालक वळणाआधीच वेग कमी करतो आणि वळणात पाय स्थिर ठेवतो. त्याच्या हातात ही गाडी अप्रतिम वळते. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा तळहाताला कळतो. तो आनंद आजच्या साध्या गाडीत मिळत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता आजची साधी गाडी पाहू. मारुती स्विफ्टला अजूनही मागे ड्रम ब्रेकच आहेत. ‘चारही चाकांना डिस्क’ या जाहिरातीवर भाळणाऱ्याला ती कमअस्सल वाटेल. परंतु एकदाच जोरात थांबायचे असेल तर डिस्क की ड्रम हा प्रश्न दुय्यम ठरतो. ठीक स्थितीतील कोणताही ब्रेक चाक जाम करू शकतो. गाडी किती अंतरात थांबणार हे टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरते. पहिल्या ९११ला १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते, आणि गेल्या साठ वर्षांत टायरच्या रबराची गुणवत्ता कितीतरी सुधारली आहे. शिवाय जाम झालेले चाक घसरत जाते आणि घसरणारे पुढचे चाक वळवून वळत नाही. यावर उपाय म्हणजे चाक जाम होण्याच्या बेतात असताना ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडणारी व धरणारी एबीएस यंत्रणा. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आली, ९११ला ती १९८९च्या सुमारास मिळाली, आणि आपल्या देशात एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधीच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये हे काम चालकाच्या पायाने करायचे असते, तेही समोर संकट उभे असताना.

थोडे गणित मांडू. दोन्ही गाड्या ताशी १०० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर धावत आहेत. नव्या गाडीचा वेग ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला ९ मीटर प्रतिसेकंद या दराने घटतो आणि जुन्या गाडीचा ७ने, असे गृहीत धरू. ब्रेक लागल्यापासून नवी गाडी सुमारे ४३ मीटरवर थांबते, जुनी ५५ मीटरवर. फरक बारा मीटरचा. ऐकायला तो किरकोळ वाटतो. पण नवी गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या ४३व्या मीटरवर जुन्या गाडीचा वेग किती उरला असेल? दहा-पंधरा नव्हे, ताशी ४७ कि.मी.! गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, साध्या त्रैराशिकाने नव्हे. चक्रवाढ व्याजाचा अनुभव असणाऱ्यांना असे आकडे कसे फसवतात हे सांगायला नको.

त्या ४३व्या मीटरवर कोण असू शकेल, याचाही विचार व्हावा. आपले साधू-साध्वीजी उजाडता उजाडता महामार्गाच्या कडेने विहार करीत असतात. विहारसेवेतले तरुण पुढे-मागे चालत असतात. अशा विहारातील अपघातांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. आणि नेमक्या त्याच रिकाम्या रस्त्यावर, त्याच पहाटेच्या वेळी, रविवारी शौकाची गाडी बाहेर काढण्याची प्रथा आहे. ईर्या समितीत पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. मोटारीला तो नियम लावायचा तर जितके स्वच्छ दिसते तितक्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा लागेल, आणि जुन्या गाडीत तो वेग रोजच्या गाडीपेक्षा बराच कमी येतो.

म्हणून अशी गाडी घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१पासून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही, हे त्या नियमातच आहे. माझा आक्षेप आहे तो खरेदीच्या तपासणीवर. बँकेत वाहनकर्जाच्या फायली पाहताना मूल्यांकन अहवालात चेसिस क्रमांक, रंग, पत्रा सारे असे. ब्रेकच्या रबरी होजचे वय कधी दिसले नाही. वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक वापरातल्या गाडीपेक्षा वाईट असण्याचा संभव अधिक असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. मग लांब उतारावर ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाशी जाते. साठच्या दशकातील बऱ्याच गाड्यांत ब्रेकची नळी-व्यवस्था एकेरी होती. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. तेव्हा ऑइल, होज, मास्टर सिलेंडर आणि डिस्कला धरणाऱ्या कॅलिपरचे गंजलेले पिस्टन यांचा खर्च खरेदीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा, रंगकामाच्या आधी.

टायरची परीक्षा तर कोणालाही करता येते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१४’ दिसले तर तो टायर २०१४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही खोल आणि कोरी दिसो, रबर कडक झालेले असते; असे टायर बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.