अंबरनाथ: मंदिर, कारखाने आणि वालधुनी

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील अंबरनाथ हे आज लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदारांचे शहर असले, तरी त्याची खरी श्रीमंती वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिरात आहे.

शिलाहारकालीन या मंदिरातील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा आहे. शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे छोट्या शिखरप्रतिकृतींच्या उभ्या रांगा मजल्यामजल्याने चढवत नेणारे, असून गाभारा मात्र मंडपापेक्षा इतका खोल आहे की लिंगाच्या दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात.

विसाव्या शतकात आगपेट्या बनवणारी विमको आणि संरक्षण खात्याचे कारखाने आले, तसे प्रांतोप्रांतीचे कामगार येथे स्थिरावले.

मंदिरालगतच्या वालधुनीत उद्योगांचे सांडपाणी मिसळत आले, हे मात्र पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सहसा लिहिले जात नाही.