ताट कुणाकडे न्यायचं?

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत उत्तनच्या दिशेनं निघालं की डोंगरी लागतं. इथल्या चर्चचं नाव ‘अवर लेडी ऑफ बेथलेहेम’, म्हणजे बेथलेहेमची माऊली. येशूचं जन्मगाव नावातच असलेल्या या चर्चच्या गावात नाताळची तयारी कशी होते, ते क्रमानं पाहू.

आधी कॅलेंडर. दुकानांतला नाताळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि 25 डिसेंबरला संपतो. चर्चचा नाताळ 24 च्या रात्री सुरू होतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एक वाढवत जातात. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग. उपासकाळातही फादरांच्या अंगावर तोच असतो. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी लागते, सण जवळ आल्याच्या आनंदाची.

याच दिवसांत पापनिवेदनासाठी रांगा लागतात. कानावर आलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचा भाग बरेचदा नजरेआड होतो. क्षमा मिळाली म्हणून झालेलं नुकसान भरून निघत नाही, अशी चर्चची शिकवण आहे. चोरलेलं परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची. थोडक्यात, भावाशी अबोला असेल तर फादरांकडे जाऊन अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं भावाच्या दारात जाऊनच करावं लागतं. मुंबईच्या वेशीवरच्या गावांत जमिनीला भाव आला की वाटण्यांवरून घरं तुटतात, तिथं हे अर्धं काम सोपं नसतं.

ते सोपं व्हायला स्वयंपाकघराची मदत होते. डोंगरी-उत्तनच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरांत नाताळच्या फराळाला माणसं लागतात. कुलकुलांचंच पाहा. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर अंगठ्यानं दाबायची आणि पुढे लोटत गुंडाळायची, की रेघांची शिंपली तयार. एका माणसाच्या हातून डबाभर कुलकुल व्हायला रात्र जाईल, म्हणून पोरंटोरं, आत्या, काकू सगळ्यांना बसवतात. फुग्यांची तऱ्हा वेगळी. मैदा, अंडी आणि नारळाच्या दुधाचं पीठ फुगवून ओल्या मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिळून गोळा तेलात सोडायचा. पूर्वी पीठ फुगवायला ताडी घालत, आता यीस्ट आलं. हात कामात असले की तोंडं मोकळी होतात. समोरासमोर बसून काढता न येणारा विषय पिठाकडे बघत काढता येतो.

मग ताटं निघतात. दिवाळीच्या फराळासारखीच ही रीत आहे, आणि तिचं मर्म परतफेडीत आहे. आलेलं ताट रिकामं धाडायचं नसतं, त्यामुळे एक खेप झाली की दुसरी ठरलेलीच. अबोला धरलेल्या घरी शब्दांआधी ताट पोचतं, आणि ते मुलाच्या हाती पाठवलं तर कुणाचीच मान खाली जात नाही.

विकतच्या भेटीचं काय? अमेरिकी अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. मिळालेल्या भेटीला घेणारे स्वतः किती मोल देतील, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. ते मोल किमतीपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांश कमी भरलं. घट जास्त होती ती नातलगांच्या भेटींत. मित्रांच्या भेटी बऱ्याच नेमक्या निघाल्या. म्हणजे ज्यांच्याशी बोलणं कमी, त्यांच्यासाठीची खरेदी जास्त वाया जाते. त्या हिशेबातून भावनिक मोल मात्र मुद्दाम वगळलेलं होतं. फराळाच्या ताटात मुख्य ऐवज तोच असतो, म्हणून हा हिशेब ताटाला लागू करता येत नाही.

24 ला रात्री गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवतात. गोठ्याची ही प्रथा लोकप्रिय झाली ती असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यामुळे. त्यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात पेंढा, बैल आणि गाढव आणून पहिला देखावा उभा केला. राजवाडा नाही, गुरांची जागा, हेच त्यांना दाखवायचं होतं. रात्रीच्या मिस्सात, ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी, शेजारच्या माणसाकडे वळून शांतीची खूण करायची असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हात जोडतात. बाकावर शेजारी कोण आलंय, हे तेव्हा टाळता येत नाही.

26 तारखेला दुकानांतले तारे सवलतीत निघतात, पण चर्चचा नाताळकाळ तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. तीन राजांचा सण जानेवारीत येतो आणि त्यानंतर येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत हा काळ चालतो. त्यामुळे ज्या घरी 25 ला पाऊल वळलं नाही, तिथं ताट घेऊन जायला अजून दोनेक आठवडे हातात असतात. सण होऊन गेला, आता कशाला, ही सबब या कॅलेंडरात बसत नाही.