बघणाऱ्याला चोर 'दिसतो' तो कुठून? सहवेदना, अंतर्ज्ञान आणि तपासाचा गुंता

सांबरा : घरातल्या पाटल्या गायब झाल्या की पोलीस ठाण्याच्या आधी कुणीतरी दुसराच पत्ता सुचवतं. "तिकडं एक बघणारे आहेत, जाऊन येऊया की ओ." सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, बेळगाव शहर हाकेच्या अंतरावर आहे. तरी असा सल्ला कानावर येतोच, आणि तो काही एकट्या सांबऱ्याचा नाही. खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठंही ऐकायला मिळेल. बघणारा डोळे मिटतो, जरा वेळ गप्प बसतो आणि म्हणतो, "बाहेरचं कोण नाही, घरातलंच माणूस. बाईमाणूस." घरची मंडळी परत येईपर्यंत संशय धाकट्या सुनेवर, नाहीतर भांडी घासायला येणाऱ्या बाईवर जाऊन बसलेला असतो. पाटल्या पुढं कपाटामागं सापडल्या तरी तो संशय पुरता निघत नाही.

असं सांगणारे सगळेच लबाड असतात का? नाही, आणि म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा. पैसे उकळणारे आहेतच. पण काहीजणांना मनापासून वाटतं की आपल्याला खरंच काही कळतं. त्याची सुरुवात बहुतेक वेळा एका चांगल्या गुणातून होते. गल्लीत एखादी मावशी असते, जिच्यापाशी सगळे मन मोकळं करतात. समोरच्याच्या आवाजातला बदल, चुकवलेली नजर, अर्धवट सोडलेलं वाक्य तिच्या लगेच ध्यानात येतं. ही सहवेदना. त्यावरून मनात झटकन जो अंदाज उमटतो, ते अंतर्ज्ञान. अंदाज कशावरून बांधला हे तिचं तिलाही सांगता येत नाही, त्यामुळं तो 'आतून आला' किंवा 'देवीनं सांगितला' असं वाटतं. एक-दोन अंदाज बरोबर आले की गावभर चर्चा होते. चुकलेले दहा कुणी मोजत नाही. मग लोक दुखण्याबरोबर चोरीही घेऊन येतात.

यात माहिती देणारे बहुतेक वेळा घरचेच असतात. "घरात नवीन कोण आलंय काय?" असं विचारलं की चारजण एकमेकांकडं बघतात. नाव कुणी उच्चारत नाही, पण ते कळायचं त्याला कळतं. म्हणजे बघणाऱ्याला चोर दिसत नाही, घरच्यांचा आधीचाच संशय दिसतो. तो त्याच्या तोंडून परत आला की त्याला देवाच्या शब्दाचं वजन येतं.

जुन्या पद्धतीही अशाच चालतात. अंजन बघताना लहान मुलाच्या, शक्यतो पायाळूच्या, अंगठ्याच्या नखावर काजळी लावतात आणि "माणूस दिसतोय काय? पटका आहे काय?" असं विचारत जातात. मूल विचारणाऱ्याला हवं तसं उत्तर देत राहतं. तांदूळ चघळायला देण्यात थोडं शरीरशास्त्र आहे. भीतीनं तोंडाला कोरड पडते, तांदूळ कोरडेच राहतात. पण भीती चोरालाच वाटते असं थोडंच आहे? दहाजणांसमोर उभी केलेली गरीब मोलकरीण चोरापेक्षा जास्त घाबरलेली असते.

प्लँचेटचं कोडं तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सुटलंय. टेबल आपोआप फिरतं या दाव्याची शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी 1853 साली तपासणी केली. टेबल भोवतीच्या माणसांच्याच हातांनी ढकललं जात होतं, आणि ढकलणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. वाटी किंवा पाट सरकतो तोही असाच.

हे सगळं खेड्यातल्या अडाणीपणाचं असं म्हणून शहरवाल्यांना हात झटकता येणार नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांच्याच खुन्यांच्या शोधासाठी पुणे पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतल्याचा आरोप जुलै 2014 मध्ये 'आउटलुक' साप्ताहिकातल्या वृत्तातून झाला. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी तो साफ फेटाळला. आरोप खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवला तरी ज्या माणसानं हयात असल्या दाव्यांची तपासणी करण्यात घालवली, त्याच्याच खुनाच्या तपासात हा शब्द यावा, याचा धक्का मोठा होता.

तपास पुढं सरकला तो दुसऱ्याच वाटेनं, आणि ती वाट कर्नाटकातून गेली. 5 सप्टेंबर 2017 रोजी बंगळूरमध्ये पत्रकार गौरी लंकेश यांची हत्या झाली. कर्नाटकच्या विशेष तपास पथकाला गोळ्यांच्या न्यायवैद्यक तपासणीत दिसलं की धारवाडला 30 ऑगस्ट 2015 रोजी डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्यावर झाडलेल्या गोळ्या आणि या गोळ्या एकाच गावठी पिस्तुलातल्या आहेत. पुढं संशयितांकडं सांकेतिक नोंदींच्या डायऱ्या मिळाल्या. एकेक नोंद उलगडत गेली, आणि गोळीबाराच्या सरावाच्या आरोपात आपल्या खानापूर तालुक्याचंही नाव आलं. दाभोलकर खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयानं 10 मे 2024 रोजी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. म्हणजे इतक्या पुराव्यांनंतरही कोर्ट प्रत्येकाचा वेगळा विचार करतं. बघणाऱ्याच्या दारात ही सोय नाही.

मग पोलिसांचं अंतर्ज्ञान म्हणजे काय? मुरलेला हवालदार बसस्टँडवर पन्नासजणांतून एकालाच बाजूला घेतो, ते कसं? डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचं अंतर्ज्ञानाबद्दल एकमेकांच्या उलट मत होतं. दोघांनी 2009 मध्ये मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जुळलं : कामात काही नियमितपणा हवा आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे वरचेवर कळायला हवं. हवालदार पिशवी उघडून बघतो, चुकला तर तिथंच कळतं. बघणाऱ्याचा अंदाज कुणी तपासतच नाही. शिवाय हवालदाराचा संशय ही तपासाची सुरुवात असते. तो पुरावा नव्हे, आणि त्यातही पूर्वग्रह शिरतोच.

परदेशात याची थेट परीक्षा झालीय. ब्रिटनमध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी आधीच उकल झालेल्या तीन गुन्ह्यांतल्या वस्तू तीन अतींद्रिय शक्तीवाल्यांच्या आणि तीन विद्यार्थ्यांच्या हातात दिल्या. 1996 मध्ये निकाल छापला : शक्तीवाले विद्यार्थ्यांपेक्षा काही सरस ठरले नाहीत. अमेरिकेतली गोष्ट मात्र काळीज पिळवटणारी आहे. क्लीव्हलँडची अमांडा बेरी 2003 मध्ये बेपत्ता झाली. पुढच्या वर्षी सिल्विया ब्राउन या प्रसिद्ध बाईनं टीव्हीवर तिच्या आईला सांगितलं, मुलगी आता जिवंत नाही. आई 2006 मध्ये वारली. मे 2013 मध्ये अमांडा जिवंत सुटून आली.

आपल्याकडं कायदा काय सांगतो? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. कर्नाटकात अमानुष अनिष्ट प्रथांविरुद्धचा कायदा 2017 मध्ये झाला आणि 2020 मध्ये लागू झाला. कुणाला 'दिसलं' म्हणून केलेला आरोप कोर्टात पुरावा ठरत नाही. उलट नाव घेऊन बदनामी केली किंवा मारहाण केली तर गुन्हा आरोप करणाऱ्यांवरच दाखल होऊ शकतो.

माणूस हरवला असेल तर वेळ फार महत्त्वाची. 'चोवीस तास थांबा' असा कायद्यात नियम नाही. मूल बेपत्ता असेल तर अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे. तातडीला 112, मुलांसाठी 1098. सीमाभागात तर एक अडचण नेहमीची : घटना कागलच्या बाजूची, माणूस निपाणीचा, तक्रार कुठं द्यायची? कुठल्याही ठाण्यात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. 'झिरो एफआयआर' नोंदवून कागद त्या ठाण्याला पाठवायचे असतात. मोबाईल चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' पोर्टलवर तो बंद करून घेता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. तो फोनच्या खोक्यावर असतो, म्हणून खोकं टाकू नये.